बुचकळण्याआधी

बाहेर उणे एकतीस. अशा रात्री विनिपेगमध्ये
गाडीची चाकं थिजून चौकोनी होतात,
पहिले दोन किलोमीटर नुसती धडधड.
कोटाच्या आत, पोटाशी धरून आणलं मी ते खोकं:
थर्मोकोल, त्यात पिशवी, पिशवीत
बोटभर गुलाबी प्रवाळ, सिमेंटच्या चकतीवर डकवलेलं.
विकणारा म्हणाला, "माझी टाकी स्वच्छ आहे.
औषधात बुडवायला नको. उगाच त्याला त्रास."

स्वच्छ.
हाच शब्द दोन वर्षांपूर्वी घेतला होता मी
चाळीस डॉलरच्या हिरव्या प्रवाळावर फुकट.
महिन्याभरात फांद्या मुळाकडून पांढऱ्या पडत गेल्या.
टॉर्च मारून बघितलं तेव्हा दिसले
चपटे किडे, प्रवाळाच्याच रंगाचे,
त्याला खाऊन खाऊन त्याच्यासारखे झालेले.
मार्चमध्ये बादल्या उपसत होतो,
आजी दारात उभी होती. काही बोलली नाही.

म्हणून आज ओट्यावर पांढरं भांडं,
टाकीतलंच पाणी, थर्मामीटर,
तपकिरी औषधाची बाटली. थेंब मोजतोय, मोठ्याने.
आजी खुर्ची ओढते. वेल्टा ओझोलिन्या, वय चौऱ्याऐंशी.
"काय करतोस?"
"नवीन आलंय. अंगावर उवा असतील."
उवा म्हणालो मी. दुसरा शब्द सुचला नाही.

चहात रासबेरीचा मुरंबा ढवळत राहते ती.
मग सांगते, चमच्याकडे बघत:
ल्युबेकची छावणी, शेचाळीस साल, रांग.
सैनिकाच्या हातात पिचकारी.
एक फवारा कॉलरमधून, एकेक बाह्यांतून, एक केसांत.
पांढरी पूड. तोंड मिट, असं म्हणाला असावा;
त्याची भाषा कुणाला येत होती?
"खिशात पावाचा तुकडा होता. त्यालाही पूड लागली.
फुंकून फुंकून खाल्ला."
घोटभर चहा.
"उवा मेल्या मात्र. त्या रात्री मी झोपले."

हे ऐकून काय करायचं असतं, मला माहीत नाही.
मी प्रवाळ बुडवतो.
फुललेलं अंग एका क्षणात मिटतं,
फांद्यांवर नुसती खरखर उरते.
पिपेटने फुंकर मारतो फटीफटीत.
एक किडा सुटतो, गिरक्या घेत तळाशी जातो. आणखी एक.
आहेत म्हणजे! बघ, आजी, आहेत!
(विकणाऱ्याला फोन करीन. नाही, करणार नाही.)

आणि मग फांद्यांच्या बेचक्यातून
तांदळाच्या दाण्याएवढा खेकडा.
हा चोर नव्हे, हा इथला राखणदार.
प्रवाळाच्या अंगावर राहतो, कुणी खायला आलं
तर एवढासा नांगा उगारून अंगावर जातो.
औषधाला काय कळणार त्यातलं.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात;
इथे तर सगळंच ओलं.

मी घड्याळाकडे बघतो. साडेतीन मिनिटं. पाच हवीत.
आजी चमचा चाटते, पदराला नाही,
स्वेटरच्या बाहीला पुसते, दोनदा,
आणि भांड्यात हात घालते. "आजी, औषध आहे त्यात—"
"दिसतंय मला."
खेकडा चमच्यात. मापाच्या पेल्यात स्वच्छ खारं पाणी, त्यात खेकडा.

अजून बरंच बाकी आहे.
अंडी औषधाला दाद देत नाहीत,
ती भिंगाने शोधायची, ब्रशने खरवडायची,
चकतीच्या खालच्या बाजूलासुद्धा.
मग सहा आठवडे तळघरातली छोटी टाकी, एकटं.
मोठ्या टाकीतले मासे वाट बघत नाहीत,
वाट मीच बघतो.

बुडवावं की न बुडवावं, विचारशील तर
मी बुडवतो. पुढच्या वेळीही बुडवीन.
पण आज पाच मिनिटं झाल्याचा गजर वाजला
तरी आजी हलली नाही.
पेल्यावर तळहात आडवा धरून बसली आहे,
वरच्या ट्यूबचा उजेड
आत पडू नये म्हणून.